मिक्सर बिघडलेला नाही



गेल्या जयंतीच्या आधीची मीटिंग. विहारात सतरंजी टाकून पंचवीस-तीस जण बसलेलो. मंडप ठरला, भोजनदान ठरलं, मिरवणुकीची परवानगी कोण आणणार ते ठरलं. मग मी खिशातला पेनड्राइव्ह काढला. म्हणलं, तेरा तारखेच्या रात्री मला बारा मिनिटं द्या. मी केलेलं संगीत आहे. साऊंडवाल्या पोरानं लावलं. दीडएक मिनिट झालं असेल. आमचे एक ज्येष्ठ काका उठले. यांच्या खांद्यावर बसून मी पहिली मिरवणूक पाहिली. ते मिक्सरपाशी गेले, वायरी हलवून बघितल्या आणि म्हणाले, "अरे, मिक्सर बिघडलाय वाटतं."

सगळे हसले. मीपण हसलो. घरी आलो आणि रात्रभर डोळा लागला नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

मिक्सर बिघडलेला नव्हता. तो आवाज तसाच आहे. मी तो तसाच केलाय.

त्यात काय आहे ते आधी सांगतो. चाकणच्या एका प्रेसशॉपमध्ये मी कंत्राटी होतो. नाव घेत नाही, घेऊन काय होणार, पाटी बदलली की तेच शेड. मोबाईलच्या कॅमेऱ्यावर गेटवर स्टिकर मारायचे, पण कानावर स्टिकर कोण मारणार? फोन खिशात चालू ठेवून मी प्रेसचा ठोका घेतला. फोर्कलिफ्ट मागं घेताना वाजतो तो भोंगा घेतला. जेवणाच्या सुट्टीची बेल घेतली. पत्र्याच्या खोलीवर पडणारा पाऊस घेतला. हे सगळं कॉम्प्युटरवर टाकून हळू केलं, ताणलं, एकावर एक चढवलं. शब्द एकपण नाही. ताल आहे, पण पाय धरेल असा नाही. सूर आहे, पण गुणगुणता येणार नाही.

आणि दीड मिनिटाला बुडबुडे सुरू होतात. काकांना जिथं मिक्सर बिघडलाय असं वाटलं, बरोबर तिथं.

तो काय आवाज आहे ते मी मीटिंगमध्ये सांगितलं नाही. का नाही सांगितलं, हाच खरा या लिखाणाचा मुद्दा आहे. पण त्याकडं थोड्या वेळानं येतो.

आधी २०२० चं बोलू. २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता देशानं थाळ्या वाजवल्या. आठवतंय ना? गॅलऱ्यांतून ताट, पराती, घंटा, शंख. एरवी जयंतीच्या साऊंडनं ज्यांचं डोकं दुखतं ते सगळे त्या दिवशी प्रयोगशील संगीतकार झाले. कुणी विचारलं नाही, यात शब्द कुठाय, अर्थ कुठाय. दोन दिवसांनी, २४ तारखेला रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि बारापासून देश बंद. चार तासांची मुदत. चार तासात चाकणच्या पोरानं काय करायचं होतं? गॅस भरायचा, भाडं द्यायचं, का ओडिशाला पोचायचं?

आणि मग पुणे-नाशिक रस्ता गप्प झाला. तुम्ही कधी तळेगाव चौकात उभे राहिलाय का? कंटेनर, कंपनीच्या बसा, कांद्याचे ट्रक, हॉर्न, पुन्हा कंटेनर. तो रस्ता मी गप्प असा कधी पाहिलाच नव्हता. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री दाराशी बसून मी तो गप्पपणा रेकॉर्ड केला. नीट ऐकला तर तो गप्प नव्हता. लांबून पावलं येत होती. चपला घासत चाललेली माणसं, बोलत नव्हती. एक लेकरू रडत होतं. ट्रॉली बॅगेचं चाक खडखड वाजत होतं.

जॉन केज नावाच्या अमेरिकन माणसाची एक रचना आहे. चार मिनिटं तेहेतीस सेकंद. वाजवणारा येऊन बसतो आणि काही वाजवत नाही. १९५२ साली पहिल्यांदा पियानोवर बसून ती 'वाजवली' डेव्हिड ट्यूडरनं. मुद्दा असा, की शांतता अशी नसतेच, आपण न ऐकलेले आवाज असतात. मला हे वाचून आधी हसू आलं होतं. आपल्या वस्तीत चार मिनिटं तेहेतीस सेकंद शांतता मिळाली तर माणूस घाबरेल, कोण मेलं म्हणून बघायला बाहेर येईल. पण २०२० च्या मार्चात ती शांतता आम्हाला फुकट मिळाली, आणि तिच्यात पायी चाललेला देश ऐकू आला.

आणखी एक. पॅरिसच्या रेडिओत काम करणाऱ्या पिएर शेफरनं १९४८ साली रेल्वेचे आवाज रेकॉर्ड करून त्यांचंच संगीत केलं. इंजिन, शिट्टी, रुळांचा खडखडाट. वाद्य एकपण नाही. सगळ्या पुस्तकांत लिहिलेलं असतं, इथून नवं युग सुरू झालं. असेल. पण ८ मे २०२० ला करमाडजवळ, आपल्या मराठवाड्यात, जालन्याहून पायी निघालेली माणसं रुळावर झोपली. रेल्वे बंद आहेत असं सगळ्या देशाला माहीत होतं ना? मालगाडी आली. सोळा माणसं गेली. रुळावर भाकऱ्या पडलेला फोटो तुम्ही पाहिलाय. मी शेफरची ती रेल्वे आता ऐकू शकत नाही. म्हणजे ऐकतो, पण ती पॅरिसची राहत नाही. माझ्या कानात ती करमाडची होते. यात शेफरची चूक नाही. पण आवाज कुणाच्या कानात पडतो यावर तो काय होतो हे ठरतं, हे मला त्या मे महिन्यात कळलं. कुठल्या पुस्तकात नाही कळलं.

माझं काम त्या एप्रिलातच गेलं होतं. ठेकेदाराचा फोन लागायचा बंद झाला, एवढाच काय तो राजीनामा. खोलीत मी, दोन रूमपार्टनर, एक जुना लॅपटॉप. दिवसा रेशनची रांग. रात्री हे. लोक म्हणतात, जग बुडत असताना तुला संगीत सुचलं कसं? अरे, मग कधी सुचायचं? आपलं जग कधी बुडत नव्हतं? सगळं स्थिरस्थावर झाल्यावर कला करू म्हणणाऱ्याला बापजाद्यांचा वाडा असावा लागतो.

आता हरकतींकडं येतो. तीन जणांनी तीन हरकती घेतल्या. तिघंही माझेच, निदान दोघं तरी.

काकांची हरकत सरळ आहे. चळवळीला गाणं लागतं. वामनदादांनी गावोगाव जाऊन गायलं म्हणून बाबासाहेब खेड्यातल्या म्हातारीपर्यंत पोचले. तुझा हा खडखडाट कुणाला कळणार?

काका, वामनदादांपुढं मी कोण? आपण सगळेच त्या गाण्यांवर वाढलोय. अक्षरओळख नसलेल्या आयांना त्या गाण्यांनी इतिहास पाठ करून दिला. ते मी नाकारत नाही, नाकारायची माझी लायकी पण नाही. मी एवढंच विचारतोय, की गाणं आहे म्हणून दुसरं काही असू नये असं कुणी ठरवलं? आणि 'कळत नाही' हे वाक्य आपण कुणाकडून शिकलो?

याच आपल्या खेड तालुक्यातल्या पूर-कनेरसरचा नामदेव ढसाळ. चाकणपासून लांब नाही. १९७२ साली 'गोलपिठा' आला तेव्हा प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाही त्यातले कितीतरी शब्द अडले. तेंडुलकरांनी निदान ते कबूल केलं. बाकीच्या पांढरपेशांनी तर नाक मुरडलं. ही काय कविता आहे, ही काय भाषा आहे. म्हणजे त्यांच्या हिशेबानं नामदेवचा मिक्सर बिघडलेला होता. तेव्हा आपली माणसं उभी राहिली आणि म्हणाली, बिघाड तुमच्या कानात आहे. पन्नास वर्षांनी तेच वाक्य आपल्याच विहारात, आपल्याच पोराला आपण ऐकवतो. मला एवढंच लागलं, काका. हसलात त्याचं काही नाही.

आणि बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. देशाचं एवढं ओझं डोक्यावर, तब्येत ढासळलेली, आणि हा माणूस व्हायोलिन घेऊन बसतो. या व्हायोलिनचा चळवळीला काय उपयोग, असं त्यांना कुणी विचारल्याचं मी वाचलेलं नाही.

दुसरी हरकत माझ्या मित्राची. ती जास्त बोचली. तो म्हणाला, "कबीर कला मंचच्या पोरांना सप्टेंबर २०२० मध्ये उचललं. का? त्यांच्या गाण्यात शब्द होते म्हणून. तुझ्यात शब्द नाहीत. म्हणून तू घरी झोपतोस. भित्र्याचं संगीत आहे हे."

याला माझ्याकडं लगेच उत्तर नव्हतं. अजून पण पूर्ण नाही. १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला जे झालं ते आपल्यापासून लांब नव्हतं, चाकण-शिक्रापूर रस्त्यानं सरळ गेलं की तोच मुलूख. त्याच वर्षी ३० जुलैला खुद्द चाकणमध्ये बसगाड्या जळाल्या, आंदोलन वेगळं, लोक वेगळे, पण धूर आमच्याच खोलीत आला. त्या वर्षापासून आमच्यातले कितीतरी जण फोनवर बोलताना शब्द मोजतात. मीपण मोजतो. तेव्हा शब्द टाळण्यात भीती अजिबात नाही असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. असेल भीती. मग ती भीती पण त्या आवाजात आहे, ऐकणाऱ्यानं ऐकावी. पण मित्रा, सगळं मौन भित्र्याचं नसतं. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली, तेव्हा शाहीर विलास घोगरेनं काय केलं तुला माहीत आहे. जन्मभर शब्द गाणारा माणूस. चार दिवसांत त्यानं स्वतःला संपवलं. मी त्याचं उदाहरण देऊन काही सिद्ध करत नाही, तशी कुणी करू पण नये. एवढंच म्हणतो, शब्द पुरत नाहीत अशी वेळ आपल्यातल्या सगळ्यात मोठ्या शब्दवाल्यावर पण येते. तिथं पोचलेल्या माणसाला आणखी काहीतरी हाताशी पाहिजे. दोरापेक्षा वेगळं काहीतरी.

तिसरा आमचा नाही. पुण्यातला, एका खाजगी बैठकीत भेटलेला. चांगला माणूस, महागडे हेडफोन. पूर्ण बारा मिनिटं ऐकलं, डोळे मिटून. मग म्हणाला, "ग्रेट आहे. पण यात तुमची ओळख कुठं येते? थोडी हलगी टाका ना. रूटेड वाटेल."

हलगी टाका! माझे आजोबा वाशीमकडचे. गावच्या लग्नाला, मयताला, पोळ्याला डफडं वाजवायचं हे घराण्याचं काम. १९५६ नंतर विदर्भातल्या आपल्या कितीतरी वस्त्यांनी ठरवलं, गावकीचं वाजवणार नाही. आजोबांनी डफडं खुंटीला लावलं. त्यापायी मार खाल्ला, सुगीचं धान्य बंद झालं, त्यातूनच पुढं बाप पिंपरीला आला. आणि आता हा सदाशिवपेठी सद्गृहस्थ म्हणतो, खुंटीवरचं काढ आणि बटणावर लाव, म्हणजे तू मला ओळखू येशील.

गैरसमज नको. ज्यांनी तेच वाद्य उलटं धरून हत्यार केलं, त्यांना माझा सलाम आहे. मातंग समाजातली पोरं हलगी घेऊन मोर्च्याच्या पुढं चालतात तेव्हा अंगावर काटा येतो. तिकडं मद्रासला जानेवारी २०१८ मध्ये कास्टलेस कलेक्टिव्हवाले पहिल्यांदा उभे राहिले ते परई आणि गिटार एकत्र घेऊन. तो त्यांचा निर्णय. आजोबांचा नकार हा माझा वारसा. वाद्य कुठलं घ्यायचं आणि कुठलं खाली ठेवायचं हे माझं मी ठरवणार, ऐकणारा नाही ठरवणार.

बघा, दोन्हीकडून मागणी एकच आहे. काका म्हणतात शब्द घाल म्हणजे आमचा वाटशील. पुणेकर म्हणतो हलगी घाल म्हणजे त्यांचा वाटशील. दाखला दाखवा आणि आत या. कलेच्या दारात पण जातपडताळणी समिती बसवलीय का?

ते 'प्रयोग' म्हणतात त्याचा इतिहास पण बघू. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला. वर सांगितलेल्या डेव्हिड ट्यूडरनंच तिथं मूग सिंथेसायझर लावून दिला. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा, आय. एस. माथूर, एस. सी. शर्मा यांनी तिथं काम केलं. टेपा पुढं कित्येक वर्षं कपाटात पडून होत्या. लंडनच्या पॉल पर्गसनं त्या शोधल्या आणि २०२३ साली त्यांची रेकॉर्ड निघाली. मी ऐकली. चांगलं काम आहे, खोटं कशाला बोलू. पण त्याच १९६९ च्या सप्टेंबरात त्याच अहमदाबादेत दंगल पेटली होती, शेकडो माणसं कापली गेली. नदीच्या एका काठाला मूग, दुसऱ्या काठाला गिरण्या आणि जळालेल्या चाळी. त्या गिरणीच्या साचेखात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या कानात जेवढे आवाज साठले होते तेवढे त्या यंत्रात नव्हते. पण स्टुडिओच्या दारापर्यंत त्याला कोण नेणार होतं?

आता डेट्रॉइट. आपल्या या पट्ट्याला पेपरवाले 'पूर्वेचं डेट्रॉइट' म्हणतात. चेन्नईवाले पण म्हणतात स्वतःला, चालू दे भांडण. पण डेट्रॉइट म्हणजे काय हे कुणी सांगत नाही. गुंतवणूक, मोटारी, एवढंच.

डेट्रॉइट म्हणजे जुलै १९६७, काळ्यांच्या वस्त्या पेटल्या, त्रेचाळीस माणसं मेली. डेट्रॉइट म्हणजे १९६८, डॉजच्या कारखान्यातल्या काळ्या कामगारांनी गोऱ्यांच्या ताब्यातली युनियन झुगारून स्वतःची क्रांतिकारी संघटना काढली. आणि डेट्रॉइट म्हणजे टेक्नो. कारखाने रिकामे होत चालले, लाईनवर रोबो आले, गोरे उपनगरांत पळाले, आणि १९८० च्या आसपास ह्वान अ‍ॅटकिन्स, डेरिक मे, केव्हिन सॉन्डरसन या शाळकरी दोस्तांनी स्वस्त सिंथेसायझर आणि ड्रम मशीन घेऊन नवं संगीत काढलं. तिथल्याच मोटाऊनचा मालक बेरी गॉर्डी हा पूर्वी मोटारीच्या लाईनवर कामाला होता, त्यानं गाण्यांची पण लाईन लावली. अ‍ॅटकिन्सचं म्हणणं असं, की मला ते जुनं गाणं नको, मला आता लाईनवर आलेल्या रोबोचा आवाज ऐकायचाय. म्हणजे त्याचे काका पण त्याला म्हणाले असतील, पोरा, आपलं गाणं सोडून हे काय?

शिकागोत तसंच. रोलँड कंपनीनं ३०३ नावाचं छोटं यंत्र काढलं, गिटारवाल्याला घरी सराव करताना बेसची साथ म्हणून. खपलं नाही. भंगारभावात गेलं. तिथल्या काळ्या पोरांनी ते उचललं, बटणं भलतीकडं फिरवली आणि १९८७ मध्ये अ‍ॅसिड हाऊस जगापुढं आलं. गंमत म्हणजे तेच यंत्र आणि ८०८ हे ड्रम मशीन घेऊन आपल्या मुंबईत सिनेमात साथ करणाऱ्या चरणजित सिंगनं १९८२ सालीच दहा राग वाजवले होते. कुणी विचारलं नाही. २०१० मध्ये परदेशातून रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा आपल्याकडं कौतुक सुरू झालं. आणि जमैकाचा किंग टबी? किंगस्टनच्या गरीब वस्तीतला दुरुस्तीवाला. ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचा, अ‍ॅम्प्लिफायर नीट करायचा. त्यानं गाण्यातून शब्दच काढून टाकले, नुसता बेस आणि घुमारा ठेवला, आणि वस्तीतली माणसं त्यावर रात्र रात्र नाचली. शब्द नसलेलं वस्तीला कळत नाही म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

१९७२ ला आपण अमेरिकेतल्या काळ्या पँथरांकडून नाव घेतलं आणि ते स्वतःचं केलं. डेट्रॉइटकडून मात्र आपण नुसती मोटार घेतली. २०१३ च्या जुलैत डेट्रॉइट शहरानं दिवाळं काढलं तेव्हा इथं चाकणमध्ये बजाजच्या कामगारांचा संप चालू होता, जून ते ऑगस्ट, जवळपास पन्नास दिवस. कामगार कंपनीचे शेअर मागत होते. दोन्ही बातम्या एकाच महिन्यात. कुणी एकत्र वाचल्या?

पण मी आवाजाची आरती करायला बसलेलो नाही. सावध राहा. १९१३ साली इटलीत लुइजी रुसोलोनं जाहीरनामा काढला होता, गोंगाट हेच नवं संगीत म्हणून. त्याच टोळक्याचा म्होरक्या मारिनेत्ती यंत्राचे आणि युद्धाचे गोडवे गाता गाता मुसोलिनीच्या मागं गेला. यंत्राचा आवाज ऐकून ज्याला नुसता कैफ चढतो तो यंत्राच्या मालकाच्या बाजूला कधी जातो ते त्याला पण कळत नाही. आम्हाला तो कैफ परवडत नाही. माझ्या शेजारच्या प्रेसवरच्या दोस्ताची दोन बोटं गेली. रात्रपाळी, सेन्सर बंद करून ठेवलेला, कारण सेन्सर चालू असला की स्ट्रोक कमी पडतात. त्या आठवड्याचं माझं रेकॉर्डिंग आहे. मी ते किती वेळा ऐकलं असेल. बोटं गेली त्या आधीचा ठोका आणि नंतरचा ठोका यात काहीच फरक नाही. तेच अंतर, तोच दणका. हे मी शब्दात सांगितलं की तुम्ही अरेरे म्हणता. तोच ठोका सहा मिनिटं कानावर पडला की अरेरे म्हणायला जागा राहत नाही.

आता डेसिबलचा हिशेब, कारण परवानगीच्या वेळी हाच विषय निघतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. आमच्या मिरवणुकीला मीटर लागतो. गणपतीला पण लागतो, नाही असं नाही. पण कारखान्याच्या आत कामगाराच्या कानाला मर्यादा किती? आठ तासाला ९० डेसिबल. डेसिबल हे साध्या बेरजेनं चालत नाहीत, दर दहाला आवाजाची ताकद दहापट होते. म्हणजे ५५ आणि ९० मध्ये तीन हजारपटीपेक्षा जास्त अंतर आहे. एकच माणूस, एकच कानाची जोडी. गेटच्या बाहेर नागरिक, गेटच्या आत तीन हजारपट कमी नागरिक. शिवाय नियमातली रात्र म्हणजे दहा ते सहा. थर्ड शिफ्ट करून सकाळी आलेल्या माणसाची रात्र कायद्यात कुठंच नाही. आवाजानं कान जाणं हा कायद्याच्या रोगांच्या यादीत आहे, डॉक्टरनं कळवायचा रोग. तुमच्या ओळखीत किती जणांचा कळवला गेला? मिरवणुकीत आमचा साऊंड मोठा असतो म्हणतात. बहिऱ्यांना ऐकू जायला मोठाच लागतो साहेब.

ज्यांना हे करून बघायचंय त्यांच्यासाठी थोडं. पैसे लागत नाहीत. घड्याळात किंवा खेळण्यात असते ती बझरची पितळी चकती घ्या, पाच-दहा रुपयांना मिळते. तिला दोन वायरी सोल्डर मारा, दुसऱ्या टोकाला ऑडिओची पिन. झाला माईक. ही चकती हवेतला आवाज घेत नाही, जिला चिकटवाल त्या वस्तूच्या आतला आवाज घेते. पत्र्याला लावा, हापशाला लावा, सायकलच्या चाकाला लावा. जुना मिक्सर पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी शोधा. त्याचं आऊटपुट त्याच्याच इनपुटला द्या, आवाज हळूहळू वाढवा. आत काहीच नसताना तो ओरडायला लागतो. कान सांभाळा, आधी आवाज एकदम कमी ठेवा. कॉम्प्युटरवर ऑडासिटी आणि प्युअर डेटा ही दोन्ही फुकट आहेत. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलेल्या पोराला हे दोन गुरुवारात जमतं.

आता तो बुडबुडा.

एप्रिल २०२१. बापाला दवाखान्यात ऑक्सिजन लावलेला. नळीतली हवा आधी एका पाण्याच्या बाटलीतून जाते, तिच्यात बुडबुडे येतात. आत कुणाला सोडत नव्हते. एका सिस्टरनं मला दारात पाच मिनिटं उभं राहू दिलं. बाप बोलू शकत नव्हता. मला पण काय बोलावं सुचेना. खिशातल्या खिशात फोन चालू केला, सवयीनं. चार मिनिटं ती बाटली बुडबुडत होती. दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. चेहरा पण नीट दाखवला नाही. माझ्याकडं त्याचा शेवटचा आवाज म्हणून जे आहे ते एवढंच, आणि तो आवाज पण त्याचा नाही, बाटलीतल्या पाण्याचा आहे.

काका, तुम्ही बापाचे दोस्त. दोघांनी मिळून पिंपरीत झेंडे लावले, दोघं पंचवीस डिसेंबरला देहूरोडच्या विहाराला एका सायकलवर जायचात, बाबासाहेबांनी १९५४ ला तिथं बुद्धमूर्ती बसवली त्या दिवसाची आठवण म्हणून. त्या मीटिंगमध्ये मी नुसतं सांगितलं असतं, की काका, हा दादांचा ऑक्सिजन आहे, तर तुम्ही वायर सोडून खाली बसला असता. बारा मिनिटं काय, तासभर दिला असता. सगळ्यांचे डोळे भरले असते. आणि संगीत कुणीच ऐकलं नसतं. म्हणून सांगितलं नाही. जखम उघडून दाखवली की जागा मिळते, हे आपल्याला साहित्यात पन्नास वर्षं शिकवलं गेलंय. त्यांना आपली जखम वाचायला आवडते. आपल्याला पण ती दाखवायची सवय लागलीय. मला बाप दाखवून बारा मिनिटं नको होती.

आज इथं लिहून दाखवलाच शेवटी. म्हणजे मी पण त्याच रांगेत. असू दे. दुसऱ्या कुठल्या रीतीनं हे भांडण मांडता आलं नाही, आणि मांडल्याशिवाय राहवलं नाही.

कमिटीनं 'पुढच्या वर्षी बघू' म्हणलंय. पुढच्या वर्षी मी पुन्हा पेनड्राइव्ह घेऊन येणार. तोवर येत्या गुरुवारी, आपल्या पट्ट्याच्या सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी सातला, खराबवाडीत बोटं गेलेल्या दोस्ताच्या खोलीवर हे लावणार आहोत. मिक्सरवर तोच बसणार आहे, तीन बोटांनी बटणं माझ्यापेक्षा हळुवार फिरवतो. वीस माणसं मावतात. दोन स्पीकर आहेत, त्यातला एक फाटका. कुणाकडं तिसरा असेल तर घेऊन या. काकांना बोलवायला मी स्वतः घरी जाणार आहे. दीड मिनिटाच्या पुढचं त्यांनी अजून ऐकलेलं नाही.